चादर बघून कॉलेज

३ जून, मंगळवार

एकशे बारा कॉलेजं! नातीने मोबाईलवर यादी दाखवली. बोटाने वर सरकवत गेली, सरकवत गेली — संपेचना. म्हटलं, एवढी माणसं आजारी तरी पडतात का?

तिला फिजिओथेरपी शिकायचीय. (शब्द तिने कागदावर लिहून दिला, तो बघून उतरवलाय.) लकवा झालेल्या, हाडं मोडलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं, चालवायचं — त्याची पदवी. मार्क चांगले आहेत, कुठेही मिळेल म्हणते. पसंतीप्रमाणे कॉलेजांची नावं ओळीने भरायची. मुदत सतरा तारीख, संध्याकाळी पाच. तोपर्यंत क्रम कितीदाही बदला. पाच वाजून गेले की झालं — पहिलं लिहिलं तेच बहुतेक गळ्यात.

मुलाचा फोन आला. तो आणि सून कारखान्याच्या गावी असतात, पोरगी पाचवीपासून माझ्याकडे. म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस. तुला काय कळतंय कॉलेजातलं?"

कॉलेजातलं नाही कळत. हॉस्पिटलातलं कळतं. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुतल्या. माझं शिक्षण तिसरी. हात लिहिता राहिला तो तिथल्या वहीत रोज 'चादरी इतक्या, अभ्रे इतके' लिहून. डॉक्टरांनी मला कधी ओळखलं नाही. पण त्यांचे पेशंट मी न बघता ओळखायचे. चादर हातात आली की कळायचं — हा सुधारतोय, हा नुसता पडलाय, ह्याचं काही खरं नाही.

मुलाला म्हटलं, फोन ठेव, दूध उतू चाललंय. गॅसवर दूध नव्हतंच.

४ जून, बुधवार

पोरीने एकशे बारातून तीन काढली. कशावरून? तर म्हणे वेबसाइटवरचे फोटो बघून. फोटो बघून मीपण एक माणूस पत्करला होता. पुढचं लिहीत नाही.

ठरवलं. तिन्ही ठिकाणी जायचं. आपल्या पायांनी, आपल्या डोळ्यांनी. "आजी, असं कोणी जात नाही," म्हणाली. कोणी जात नाही म्हणूनच जायचं!

नावं मोठी लांबलचक आहेत, माझ्या लक्षात राहत नाहीत. मी आपली ठेवलीत — चकचकीत, जवळचं आणि लांबचं.

६ जून, शुक्रवार

चकचकीत बघून आलो. मुलगा रजा टाकून आला होता, हे कॉलेज त्याच्या फार मनात. काचेचं दार आपोआप उघडतं. आत थंडगार. एक कोटवाली पोरगी हसत हसत आली, हातात गुळगुळीत पुस्तक. "आमचं स्वतःचं दोनशे खाटांचं हॉस्पिटल आहे, आजी."

"दाखवा की."

"आज राउंड सुरू आहे ना."

बरं म्हटलं. जरा मोरीवर जाऊन येते म्हटलं. म्हातारीला मोरीवर जाण्यापासून जगात कोणी अडवत नाही, हा फायदा आहे. जिना चढले आणि सरळ वॉर्डात.

तीस खाटा. तिसांवर पांढऱ्याशुभ्र चादरी. जवळ गेले — चादरीवर घडीच्या रेषा! चार उभ्या, चार आडव्या, दुकानातल्या पाकिटातून काढलेल्या. एकदा पाण्यात गेली की ती घडी मोडते, पुन्हा तशी बसत नाही. म्हणजे ह्या चादरींनी अजून पाणी बघितलेलं नाही, आणि माणूसही.

माणूस एकच होता. कोपऱ्यातल्या खाटेवर, गळ्यापर्यंत पांघरूण. खालून बूट बाहेर आलेले.

विचारलं, "काय होतंय बाबा?"

"पाय."

"कुठला?"

त्याने दोन्ही पायांकडे बघितलं. म्हणाला, "आज उजवा."

मग हळूच — "तुम्ही तपासणीवाल्या का?"

"हो," म्हटलं. लगेच कण्हायला लागला बिचारा!

खाली आले तर मुलगा कॅन्टीनमध्ये कॉफी पीत होता. "आई, लिफ्ट बघितलीस? आरसा आहे आत." बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हा. पोरीला सगळं सांगितलं. ती रस्ताभर 'आज उजवा' म्हणून लंगडून दाखवत होती. लोक बघत होते.

७ जून, शनिवार

मुलाचा सकाळीच फोन. "पण इमारत चांगली होती, आई." म्हटलं, मग तिला गवंडी कर.

९ जून, सोमवार

जवळचं बघितलं. बसने अर्धा तास. पोरगी घरून जाऊन-येऊन करू शकेल. इमारत जुनी, रंग पोपडे धरून सुटलेला, बाहेर केसपेपरची रांग फाटकापर्यंत. आत शिरले आणि तो वास आला — फिनेल, औषध आणि माणसं. माझं हॉस्पिटल असंच होतं. बरं वाटलं.

मी ऑफिसात गेलेच नाही. मागच्या बाजूला लाँड्री असते, सगळीकडे मागेच असते, आम्हाला पुढे कोण ठेवणार? तिथला धोबी साठीचा. मशिनं तीन, त्यातलं एक मेलेलं. दहा मिनिटांत आमचं गोत्र जुळलं.

"पेशंट किती असतात?"

"खाटा साठ, मावशी. पेशंट मोजायचं सोडलं मी."

चादरींचा ढीग बघितला. विरलेल्या, ठिगळ लावलेल्या, डागाळलेल्या. कमरेपाशी तो पिवळा-लाल डाग, प्रत्येक दुसऱ्या चादरीला.

"सोडा टाकतो, तरी जात नाही," म्हणाला.

"आधी गरम पाण्यात बुडवतोस ना? मग कसा जाईल! रक्ताला आधी थंड पाणी. गरमाने डाग शिजतो."

"एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नाही!"

"तू विचारलं नसशील."

साठ खाटा आणि साठांवर माणूस. दोन-तीन जमिनीवर. शिकायला पेशंट लागतात, ते इथे मूठभर नाही, टोपलीभर आहेत. झालं. पास!

पोरगी दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलून आली. म्हणाली, शिकवायला दोनच सर आहेत, तिसरे येणार आहेत.

"कधीपासून येणारेत?"

"ह्या मुली आल्या तेव्हापासून."

हसले मी. सर काय, येतील नाहीतर न येतील. मला कोणी सरांनी शिकवलं होतं?

११ जून, बुधवार

लांबचं. दोन बस, पाच तास, शेवटचा घाट असा की पोटातलं ओठात आलं. पहाटे निघालो ते अकराला पोचलो. टेकडीवर बैठी बैठी कौलारू घरं, मध्ये मोकळं मैदान. राहायचं झालं तर वसतिगृहातच.

मी वॉर्डात, पोरगी कॉलेज बघायला, असे दोन वाटांनी गेलो. वॉर्डात शिरले — सामसूम. चाळीस खाटा, चार माणसं. चादरी ताणून घातलेल्या, एकीवर डाग नाही. जुन्या होत्या, धुतलेल्या होत्या, पण डाग? औषधालासुद्धा नाही. मागे लाँड्रीत गेले. तिथली बाई माझ्याच वयाची, तोंडाला कुलूप. दोरीवर चादरी मोजून दहा. बाकी सगळे लेंगे. लेंगेच लेंगे. काय बाई प्रकार!

पाव तासात निकाल लावला. हे दुसरं चकचकीत, नुसतं गरीब. पेशंट नाहीत तर पोरगी काय भिंतीला चालवणार?

पोरीला शोधायला तास गेला. नळावर तोंड धूत होती. "काय बघितलंस?" "काही नाही." मीच सगळं सांगितलं. ती हूं हूं करत होती. बसमध्येही गप्प. घाटाने मळमळत असेल.

१२ जून, गुरुवार

यादी भरली. एक नंबर — जवळचं. दोन नंबर — लांबचं. तीन — चकचकीत, बापाची हौस म्हणून.

"तू म्हणशील तसं, आजी," म्हणाली. मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे बाई, तुझ्यापुढे कोणाचं चाललंय. शेजारच्या शिंपिणीलाही सांगून आले. "धुणाऱ्या बाईने कॉलेज निवडलं!" म्हटलं. ती म्हणाली, "माप घेतल्याशिवाय कापड कापू नये, तुम्ही घेतलंत हो."

आता इथे कोण वाचतंय, म्हणून लिहिते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू! काल परतीच्या बसमध्ये मला हायसं वाटलं होतं. पोरगी संध्याकाळी घरी येणार. चहा दोन कप. बस, एवढंच. पण निकाल चादरींवरून दिला. ह्यावरून नाही.

१३ जून, शुक्रवार

काही नाही. गुडघा दुखला.

१४ जून, शनिवार

कपडे धूत होते. पोरीची जुनी विजार हाताला लागली, गुडघ्यावर झिजलेली. आणि हात थांबला.

त्या दोरीवरचे लेंगे. गुडघ्यावर ठिगळं होती. एकाला नाही, सगळ्यांना! तेव्हा नजरेने बघितलं, डोक्याने बघितलंच नाही.

पेशंटचा लेंगा गुडघ्यावर कसा झिजतो? एकतीस वर्षांत हजारो लेंगे धुतले. ते मागून झिजतात, बसून-पडून. गुडघा कोणाचा झिजतो — रांगणाऱ्या पोराचा. फरशी पुसणाऱ्या बाईचा. खाटेवर पडलेल्याचा नाही झिजत.

बादली तशीच ठेवून ओट्यावर बसले. मग दुसरं आठवलं, ते वाईट. जवळच्या हॉस्पिटलातले डाग. कमरेपाशी, मधोमध. मला काय ते ठाऊक नाही? माणूस एकाच कुशीवर पडून राहिला, त्याला कोणी वळवलं नाही, उठवलं नाही, की कातडी सोलते, जखम होते. तो डाग! तो मी पास केला! म्हटलं, काम भरपूर आहे. काम होतं कुठे? काम झालं नाही म्हणून तर डाग होता.

एकतीस वर्षं डाग काढले. ते का पडतात, हे विचारलं नाही. विचारायचं ते माझं खातं नव्हतं. पण आता निकाल द्यायला बसले तर तेच माझं खातं की! धोब्याला ऐटीत म्हणाले, तू विचारलं नसशील.

हात दाखवून अवलक्षण.

१५ जून, रविवार

पोरीला काही बोलले नाही. एकदा चुकले, दुसऱ्यांदा अंदाजाने बोलणार नाही. उद्या पुन्हा जाते. सांगितलं, जुन्या मैत्रिणीकडे चाललेय, तिची सून भांडलीय. "तू जाऊन मिटवणार?" "वाढवणार," म्हटलं. पटलं तिला.

१६ जून, सोमवार

पहिली बस पकडली. घाटात डोळे मिटून घेतले. साडेदहाला सरळ लाँड्रीत. तीच बाई, तेच कुलूप.

म्हटलं, "मी पण लाँड्रीतली. एकतीस वर्षं. एक विचारते, खरं सांग. तुझे पेशंट कुठायत?"

तिने माझ्याकडे बघितलं, जशी मी येडी. "खाटेवर कशाला असतील? दिवस आहे की."

"म्हणजे?"

"ये."

मैदानापलीकडे लांबच लांब खोली. आत सगळा गाव! दोन दांड्यांच्या मध्ये एक दाढीवाला चाललाय, घामाघूम. एक बाई तीन लाकडी पायऱ्या चढते, उतरते, पुन्हा चढते — वर काही नाही, खाली काही नाही, नुसत्या पायऱ्या. जमिनीवर गाद्या, त्यावर सात-आठ जण गुडघ्यांवर. माझ्याहून म्हातारा एक माणूस रांगत होता.

"हे काय?"

"पडल्यावर उठायचं कसं, ते शिकवतात. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग खुर्ची धरून उभं. माझे लेंगे फाडतात मेले! शिवून शिवून बोटं गेली."

पेशंटच्या कमरेला पट्टा, पट्टा धरून मागे शिकणारी पोरगी. नातीएवढीच. म्हातारा डळमळला. मी ओरडणार होते — धर त्याला! ती धरेना. पट्ट्यावर हात ठेवून वाट बघत राहिली. त्याने स्वतः पाय सावरला, मग ती म्हणाली, "आता कसं!" म्हाताऱ्याने तिला एक शिवी दिली. ती हसली, तोही हसला. त्यांच्या बाई चष्म्यावरून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या, आणि मोजले मी — असे सहा बाई-बुवा होते शिकवणारे.

"अगदीच आजारी सोडले तर चारपर्यंत इथे कोणाला आडवं होऊ देत नाहीत," लाँड्रीवाली म्हणाली. "म्हणून माझ्या चादरी स्वच्छ. मला सोड्याचा खर्च नाही, सुईदोऱ्याचा आहे."

एकतीस वर्षांत इतकी चांगली चादर बघितली नव्हती, आणि मी ती नापास केली होती.

संध्याकाळी

सहाला घरी आले. चप्पल काढायच्या आधी सांगितलं. "माझं चुकलं. लांबचं पहिलं लिही." लेंगे, डाग, पायऱ्या, शिव्या देणारा म्हातारा, सगळं सांगितलं. चुकलं म्हणायला मला जड जातं, पण एकदा म्हटलं की मी ते गिळत नाही.

पोरगी कांदा चिरत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "मला माहितीय."

"काय माहितीय?"

"ती खोली. तू वॉर्डात होतीस तेव्हा मी तासभर तिथेच उभी होते, खिडकीत."

"आणि मला म्हणालीस काही नाही?"

"तू नको म्हणालीस ना."

"मी चुकीचं नको म्हणाले! तुला तोंड दिलंय ते कशाला?"

सुरी खाली ठेवली तिने. "आजी, परत येताना तू गुणगुणत होतीस."

"मी?"

"बसमध्ये. घाट उतरल्यापासून घरापर्यंत. मी तुला कधी गुणगुणताना ऐकलं नाही."

मला आठवत नाही. मी गात नाही. पण पोरगी खोटं बोलत नाही.

म्हटलं, "बरं, गुणगुणले. आता मोबाईल काढ."

"नाही. जवळचंच राहू दे. तिथेही शिकता येतं. तू एकटी पडलीस-बिडलीस तर?"

"पडले तर उठेन. आज बघून आलेय — आधी कुशीवर, मग गुडघ्यावर."

"चेष्टा नको."

"मग तू दया नको! मला दयेचा डाग लावून घ्यायचा नाही. चार वर्षं तू त्या पडलेल्या माणसांत फिरशील, तुला कोणी शिकवणार नाही, आणि मी इथे चहाचे दोन कप मांडून बसू? तो चहा मला गोड लागेल?"

"यादी माझी आहे. लॉगिन माझा आहे. मी बदलणार नाही." आणि कांदा चिरायला लागली. डोळ्यांतून पाणी — कांद्याचं का कशाचं, मी विचारलं नाही.

हट्टी! कोणावर गेलीय!

मुलाला फोन केला. "तू सांग तिला, बाप आहेस." तो म्हणाला, "आई, तुम्हा दोघींमध्ये मी? मला अजून जगायचंय." मुदत उद्या पाच.

१७ जून, मंगळवार

पोरगी सकाळी दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला गेली. तेवढ्यात शिंपिणीला आणि तिच्या नवऱ्याला हाक मारली, आणि पोरीची खाट त्यांना देऊन टाकली. गादी, उशी, सगळं. कोपरा झाडून घेतला.

दोनला आली. दारातच थांबली. रिकामा कोपरा बघितला. मग म्हणाली, "आजी, मी झोपू कुठे?"

"वसतिगृहात," म्हटलं. "पाच वाजायला अजून तीन तास आहेत."